सांधा कोणाचा

तळ्याचं पाणी काळ्या खडकाच्या खाली उतरलं, त्याच आठवड्यात ती बाई आली. पाठीला पिशवी, गळ्यात दुर्बीण आणि पायांत चांगले बूट. काठच्या चिखलातही तिने बूट काढले नाहीत. ते पाहून थोरली मनाशी म्हणाली, ही इथे काही द्यायला आलेली नाही, न्यायला आलेली आहे.

तळ्याकाठी ओळीने जाळेवाल्यांची पाच घरं होती, मावशीचं, मुक्याचं, थोरल्याचं, धाकट्याचं आणि नावाड्याचं. थोरली मधल्या घरची सून. घरात म्हातारा सासरा, नवरा थोरला आणि ती. धाकटा दीर काही वर्षांमागे वेगळा झाला होता, शेजारीच, मध्ये एक भिंत घालून. भिंत वीतभर जाडीची. पलीकडे धाकट्या जावेच्या हातून भांडं पडलं तरी थोरली म्हणायची, "मुद्दाम आपटलं."

बाई दिवसभर उन्हात बसून पाणकावळे बघायची. हे काळे पक्षी थव्याने येतात, पाण्यात अर्धगोल धरून मासे उथळाकडे हाकतात आणि मग सगळे मिळून तुटून पडतात. एवढं बघण्यासाठी कोणी कोणाला पगार देतं, हे पाच घरांत कोणाच्या पचनी पडेना.

"मोठ्या कॉलेजात शिकवते म्हणे," थोरल्याने सांगितलं. "पक्षी, बाजार आणि माणसं, तिन्हींत एकच गोष्ट शोधते. कोण कोणाला साथ देतं, आणि का देतं."

"कळल्यावर काय करते?"

"लिहून ठेवते."

"कोणासाठी?"

ते थोरल्याला ठाऊक नव्हतं.

"मासळीच्या व्यापाऱ्याने धाडली असेल," थोरली म्हणाली. "कोण कोणाला धरून आहे ते कळलं की फोडायला सोपं."

थोरला दोर गुंडाळत राहिला. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. मागच्या वाईट वर्षी मोठी ओढ फसली, व्यापाऱ्याचा ट्रक रिकामा परत गेला आणि थोरला दगडाच्या खाणीवर कामाला गेला. तिथून परत आला तो दोन बोटं तिथेच ठेवून. तेव्हापासून जाळं विणणं थोरलीकडे आलं. यंदाही ओढ फसली तर नवरा पुन्हा खाणीवर जाणार, हे तो बोलत नव्हता, पण खाणीचे जाड बूट त्याने उन्हात काढून ठेवले होते.

मोठी ओढ, म्हणजे पाच घरांनी मिळून एकच जाळं ओढणं, वर्षातून एकदाच. पाणी उतरलं की मासा मधल्या डोहात गोळा होतो. ऊन तापायच्या आत तो काढावा लागतो, नाहीतर पाण्यातच मरून वर येतो. एका घराच्या जाळ्याचं ते काम नाही. पाच घरांच्या पाच पट्ट्या एकाला एक जोडायच्या, तेव्हा डोहाला वेढा पडतो. आणि त्यांची एक जुनी रीत होती, पट्टी ज्याची त्याने दुरुस्त करायची नाही, शेजाऱ्याने करायची. मावशीने मुक्याची, मुक्याने थोरल्याची, थोरलीने धाकट्याची, धाकट्याने नावाड्याची, आणि नावाड्याने फिरून मावशीची. दोन पट्ट्यांमधला सांधाही त्याच हातांनी विणायचा. अशी रीत का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

मासा काठावर आला की वाटे म्हातारा घालायचा. पाच ढीग, लहानमोठा मासा बघून बघून. वाटे घालणाऱ्याने सगळ्यांच्या मागून उचलायचं, म्हणजे उरेल ते त्याचं. इतकी वर्षं म्हाताऱ्याने शेवटचा ढीग उचलला होता आणि कोणी कधी दुसऱ्याच्या ढिगाकडे बघितलं नव्हतं. म्हणजे थोरली बघायची, पण बोलायची नाही.

एके दिवशी बाईने पाचही घरांना जाळ्यांच्या छपराखाली बोलावलं.

"एक खेळ आहे," ती म्हणाली. आवाज गोड होता. "प्रत्येक घरातून एकाने यायचं. मी मूठभर दाणे आणि एक थैली देईन. पडद्यामागे जाऊन हवे तितके दाणे थैलीत टाकायचे, उरलेले आपल्याजवळ ठेवायचे. थैल्यांमधले दाणे मी दुप्पट करीन आणि पाचही घरांत सारखे वाटीन. शेवटी दाण्यांच्या बदल्यात सुताची रिळं."

"म्हणजे मी एकही टाकला नाही, तरी मला दुसऱ्यांचे मिळणार?" मुक्या म्हणाला. त्याला मुक्या म्हणत, कारण तो झोपेतच काय तो गप्प असायचा.

"हो. आणि कोणी किती टाकले ते कोणालाच कळणार नाही. मलासुद्धा."

"हे बरं आहे," नावाडी म्हणाला. "चोरी करा आणि वर रीळ घ्या."

सगळे हसले. बाईही हसली आणि काहीतरी टिपून घेतलं. ते टिपून घेणं थोरलीला आवडलं नाही.

"काका, तुम्ही सगळ्यांत मोठे. तुम्ही आधी," बाई म्हाताऱ्याला म्हणाली.

"मी शेवटी असतो," म्हातारा म्हणाला.

"असं कसं? मान तुमचा." तिने त्याच्या ओंजळीत दाणे घातले, हातात थैली दिली आणि पाठीला हात लावून त्याला पडद्यामागे धाडलं. म्हातारा गेला तसाच आला. मागोमाग बाकीचे गेले. धाकट्याच्या घरातून धाकटी गेली, ती बराच वेळ बाहेर येईना.

"मोजत असेल," थोरली नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

थैल्या टोपलीत पडल्या. बाईने त्या हलवल्या, सरमिसळ केल्या आणि एकेक उघडून चादरीवर ओतली. पहिली भरलेली. दुसरी भरलेली. तिसरीत थोडे कमी. चौथी उलटी केली, झटकली, तरी काही पडलं नाही. पाचवी भरलेली.

मुक्याही बोलेना.

"छान," बाई म्हणाली. "असंच निघतं बहुतेक ठिकाणी."

ठरल्याप्रमाणे तिने सगळ्यांना सारखी रिळं वाटली. ज्याने दाणे जवळ ठेवले असतील त्याने केव्हाही एकट्याने येऊन त्यांच्या बदल्यात रिळं न्यावीत, असंही सांगितलं. लोक रिळं घेऊन घरी गेले, ते एकमेकांकडे न बघता.

मग सुरू झालं. पाणवठ्यावर दोन बायका भेटल्या की तिसरीचा विषय. नावाडी म्हणे, मुक्यानेच केलं, त्यानेच तर आधी विचारलं होतं. मुक्या म्हणे, जो आधी विचारतो तो चोर नसतो, जो हसतो तो असतो. मावशी एकटी विधवा बाई, तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही, पण तिच्या दारावरून जाताना पाय मात्र अडखळायला लागले.

थोरलीला विचार करायची गरजच नव्हती. तिने पहिल्या दिवशीच निकाल लावला होता.

"धाकटीच," ती म्हणाली. "वेगळं होताना विळीसुद्धा घेऊन गेली. ती दाणे टाकेल?"

"विळी तिच्या आईने दिलेली होती," थोरला म्हणाला.

"तुम्हाला भावाचा पुळका. मामंजी, तुम्हीच सांगा."

म्हातारा दाराशी बसून दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही. "कोणाचं नाव घेऊ नये," एवढंच म्हणाला.

दुरुस्तीचे दिवस आले. मुक्याची बायको पट्टी न्यायला दारात आली, तेव्हा थोरली आधीच पट्टी अंगणात पसरून बसली होती. लाकडी सुईत घरचं सूत भरलेलं होतं.

"यंदा मीच बघते," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? दरसाल आम्हीच करतो."

"म्हणून तर. यंदा विश्रांती घ्या."

मुक्याची बायको उभी राहिली, मग वळली. जाता जाता म्हणाली, "भरवसा नाही असं सरळ सांग की."

थोरलीने सुई उचलली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पाचही घरांत पोहोचली. दुसऱ्या दिवशी थोरलीने भिंतीवरून धाकटीची पट्टी मागितली नाही आणि धाकटीने ती दिलीही नाही. नावाड्याने आपली पट्टी आणून घराच्या पाठीमागे टांगली. रीत कोणी मोडली असं कोणी म्हटलं नाही, पण सुरुवात कुठून झाली ते थोरलीला माहीत होतं.

तिने जीव ओतून काम केलं. पाठ धरली, अंगठ्याला सुताने चीर पडली, चिरेत घाम जाऊन झोंबू लागलं. जाळ्याचा एकेक डोळा ती बोट घालून तपासायची. तुटका धागा दिसला की आजूबाजूचे चार डोळे कापून नव्याने विणायची. ओढ फसली तरी आपल्या पट्टीतून मासा गेला असं कोणाला म्हणता येऊ नये. भिंतीपलीकडून सूत ओढल्याचा, दाताने तोडल्याचा आवाज यायचा. धाकटीही बसलेली असायची. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना, वीतभर अंतरावर, एकच काम करत होत्या.

एका दुपारी बाई अंगणात आली. पाणी मागितलं. थोरलीने दिलं.

"वहिनी, पट्ट्या शेजारी करतात असं ऐकलं होतं मी."

"करायचे."

"मग यंदा?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेल्या." थोरलीने सुई थांबवली. "एक विचारू? तुमच्या त्या पाणकावळ्यांत एखादा नुसताच पोहत असेल, हाकत नसेल आणि खाताना मात्र पुढे येत असेल. त्याचं बाकीचे काय करतात?"

"तेच शोधतेय. अजून तरी काही करताना दिसले नाहीत."

"कारण त्यांना कोणी सांगत नाही ना, की तुमच्यात एक आहे म्हणून."

बाई पाणी पिऊन भांडं उपडं ठेवून गेली.

ओढीचा दिवस उजाडला. व्यापाऱ्याचा ट्रक बर्फ घालून काठावर उभा होता. पाचही पट्ट्या वाळूत शेजारी शेजारी पसरल्या, तेव्हा बघणाऱ्याने वाहवा म्हणावं अशा दिसत होत्या. एकेक पट्टी नवी कोरी. आता त्या जोडायच्या होत्या. सांधे कोणी विणून आणले नव्हते, कारण सांधा कोणाच्याच अंगणात नव्हता. ऊन चढत होतं, व्यापारी घड्याळ दाखवत होता. ज्याने त्याने आपली कड पुढे केली आणि कोणीतरी लांब लांब टाके घालून ती शेजाऱ्याच्या कडेला अडकवली. धाकटीने आपली कड थोरलीपुढे सरकवली तेव्हा दोघींनी एकमेकींच्या हातांकडे बघितलं, तोंडाकडे नाही.

नावाड्याने नाव वळवून वेढा टाकला. दोर काठावर आले. थोरली कमरेइतक्या पाण्यात उतरली. पायाखाली गाळ, दोर ओला आणि दगडासारखा जड. पुढे थोरला, तीन बोटांत दोर अडकवून, मागे म्हातारा, पायांच्या काड्या झालेल्या तरी जोर लावत. "हं... घ्या," मुक्या ओरडायचा आणि सगळी माणसं एकदम मागे कलायची. डोहातलं पाणी खळबळलं. मासा होता. एक मोठा मासा उसळून लखकन चमकला, तसा व्यापाऱ्याने ट्रकचा मागचा फाळका खाली पाडला.

आणि तेवढ्यात पाणकावळे आले. आधी दहा-बारा, मग थवाच्या थवा. ते वेढ्याच्या आत उतरले नाहीत. वेढ्याबाहेर उतरले, चार ठिकाणी चार घोळके करून. बाई दूर खडकावर उठून उभी राहिली, डोळ्यांना दुर्बीण लावून.

दोर हलका होत गेला. ज्याने कधी ओढलं आहे त्याला हे हाताला कळतं. थोरलीला कळलं, पण तिने जोर कमी केला नाही, जणू जोर लावला की मासा परत येईल. जाळं काठाला लागलं. आत शेवाळ, फांद्या आणि पाटीभर बारीक मासळी.

"कोणाची पट्टी फाटली?" नावाडी ओरडला.

"तुझी बघ आधी."

"ज्याची थैली रिकामी, त्याची पट्टी फाटकी," मुक्या म्हणाला आणि थेट धाकट्याकडे बघितलं. धाकटा चिखलातून त्याच्या अंगावर धावला. थोरल्याने मध्ये पडून दोघांना धरलं. धाकटी वाळूत उभी राहून रडत होती, तोंड न झाकता. थोरलीने ते बघितलं आणि मनात म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा.

पट्ट्या उन्हात धरून बघितल्या. एकीतही भोक नव्हतं. मावशी मात्र पाण्याकडे बघत होती. तिने हात लांब केला. "ते काळे कुठं बसलेत बघा. पट्टीपाशी नाही बसले. सांध्यांपाशी बसलेत."

चार सांधे, चारही उसवलेले. एकेकातून माणूस शिरावा एवढी वाट.

व्यापारी म्हणाला, "बर्फ उद्या दुपारपर्यंत टिकेल. मासा परत डोहात जातो की नाही ते तुम्ही बघा. दुपारी मी दुसऱ्या तळ्याला जातो, आणि मग दरसाल तिकडंच."

थोरली सासऱ्याला घेऊन घरी आली. म्हातारा गारठला होता. तिने त्याला उन्हात बसवलं, अंगावरचा ओला अंगरखा काढला आणि पिळायला घेतला. कोपऱ्याला एक गाठ होती. पिळताना ती हाताला टोचली. सोडली, तर आत दाणे. मूठभर. पाण्याने टरारून फुगलेले, एकदोघांची सालं फुटलेली.

भिंतीपलीकडे धाकटीचं मुसमुसणं अजून थांबलं नव्हतं.

"मामंजी."

म्हाताऱ्याने दाण्यांकडे बघितलं. "वाटे घालणारा शेवटी असतो," तो म्हणाला. "तिने मला आधी धाडलं. मी म्हटलं, आधी नुसती थैली टाकून यायची असेल, दाणे टाकायचे मागून. सगळ्यांनी टाकले की माझे. वाट बघत बसलो. तिने थैल्या उपड्याच केल्या."

"मग तिथंच बोलायचं होतं."

"वाटे घालणाऱ्याचीच थैली रिकामी निघाली म्हटल्यावर वाट्यांना हात कोण लावू देईल? म्हटलं, ओढीला सगळे असतील, वाटे घालताना दाणेही मधोमध ठेवीन आणि सांगीन. म्हणून बांधून नेले होते." तो थांबला. "वाटे घालायला मासाच आला नाही."

थोरली खाली बसली. दाणे तिच्या मुठीत होते. पुरून टाकले असते तर कोणाला कळणार नव्हतं. पक्कं ठाऊक होतं तिला. पण मग सांधे कोण विणणार? आज ज्याची त्याची कड ज्याच्या त्याच्या छातीशी होती. कोपऱ्यात खाणीचे बूट उभे होते, नाड्या बांधलेले.

"मामंजी, मी सांगितलं तर तुमचं..."

"जा," म्हातारा म्हणाला. "अंगरखा दे आधी."

ती भिंतीला वळसा घालून गेली. वेगळे झाल्यापासून त्या दारात तिने पाय ठेवला नव्हता. धाकटी उंबऱ्यात बसली होती. थोरलीने मूठ उघडून दाणे तिच्यासमोर ठेवले.

"हे काय?"

"आमच्या घरचे."

धाकटी दाण्यांकडे बघत राहिली. एक उचलून नखाने दाबला. "माझ्याबद्दल पाणवठ्यावर बोललीस तेव्हा कुठं होते हे?"

"गाठीत. मला आज दिसले."

"आणि दिसले नसते तर?"

"तर तूच असतीस," थोरली म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले. हसली नाही. "पडद्यामागे मला वेळ का लागला ठाऊक आहे? एक दाणा खाली पडला होता. तो शोधत होते. म्हटलं, एक कमी निघाला तर ताई माझंच नाव घेईल." मग ती उठली, आत गेली आणि सुई घेऊन आली. खेळातलं रीळही आणलं, न सोडलेलं. ते सूत पाचही घरांत कोणी वापरलं नव्हतं.

काठावर दोघी सांध्याच्या दोन बाजूंना बसल्या. थोड्या वेळाने धाकट्याने दाणे नेऊन मुक्याला दाखवले, आणि मुक्याला दाखवलं म्हणजे गावाला दाखवलं. मुक्याची बायको आली आणि न बोलता थोरलीच्या दुसऱ्या कडेला बसली. मावशी आली. नावाडी सगळ्यांत शेवटी आला, आणि मावशीच्या सांध्यालाच आधी हात घातला. थोरलीने धाकटीने मारलेली एक गाठ ओढून बघितली. पक्की होती. तिने आणखी एकदा ओढली.

"ओढ ओढ," धाकटी म्हणाली. "मी तुझ्या तीन ओढल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणकावळे आले, वेढ्यावरून एक चक्कर मारली आणि पलीकडच्या काठाला गेले. बाई पिशवी उचलून त्यांच्यामागे गेली. दोर शेवटपर्यंत जड राहिला. थोरल्याच्या तळहाताची साल निघाली, तरी तो हसत होता. व्यापाऱ्याचा ट्रक भरला, आणि घरोघरच्या वाट्याचा मासा वाळूत उरला.

म्हातारा सवयीने पुढे झाला.

"काका, आज राहू द्या," नावाडी म्हणाला. आवाज खालचा होता, पण सगळ्यांनी ऐकला. "आज मावशी घालतील वाटे."

म्हातारा थांबला. हात पुढे आलेला होता, तो त्याने अंगरख्याला पुसला आणि मागे येऊन उभा राहिला. थोरलीला वाटलं, आपल्या अंगावर कोणीतरी गाळ फेकला.

मावशीने पाच ढीग घातले. मुक्याने उचललं, नावाड्याने उचललं, धाकट्याने उचललं. दोन ढीग राहिले. मावशी वाटे घालणारी, ती शेवटची. म्हातारा उभाच. माशांवर माश्या बसायला लागल्या.

"उचला की काका," मावशी म्हणाली.

"आधी तू," म्हातारा म्हणाला.

"वाटे मी घातलेत."

"हो ना. पण मी शेवटी असतो."

कोणी हसलं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. मावशी खाली बघत होती, म्हातारा तळ्याकडे. दोघांपैकी कोणी हलेना. शेवटी थोरली पाटी घेऊन पुढे गेली, वाकली आणि डावीकडचा ढीग भरायला लागली.

धाकटी मदतीला शेजारी येऊन बसली. "कुठला मोठा होता?" तिने हळूच विचारलं.

"सारखेच आहेत."

"बघितलंस ना पण?"

"बघितलं," थोरली म्हणाली आणि पाटी उचलून डोक्यावर घेतली.